भर उन्हात गाडी धुताना पांढरे डाग पडू नयेत म्हणून काय करायचं? (टँकरचं पाणी, उघडं पार्किंग)

उंड्रीकर | रविवार, दुपारी १:४०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. पुण्यात उंड्रीला आमच्या सोसायटीत मला मिळालेलं पार्किंग उघडं आहे, वर शेड नाही की झाड नाही, आणि गाडी धुवायच्या नळाला पाणी सोडतात फक्त रविवारी दहा ते बारा. त्यामुळे सावलीत धुवा, पहाटे धुवा हे सगळं पटतं पण माझ्या हातात नाही. पाणी टँकरचं, मधूनमधून बोअरचं. गाडी गडद निळी, तीन वर्षं झाली, हप्ते अजून दोन वर्षं आहेत आणि घरातली पहिली गाडी आहे त्यामुळे जीव आहे तिच्यावर.

आज साडेदहाला सुरुवात केली. पूर्ण गाडीला शाम्पू लावला, मग पाईपने पूर्ण धुतली, मग टपापासून पुसायला घेतली. टप आणि पुढची काच होईस्तोवर बॉनेट आपलं आपण वाळून मोकळं. आणि प्रत्येक थेंबाच्या जागी एक गोल, कडेला पांढरी रेघ आणि आत फिकट, टेबलावर चहाचा कप ठेवल्यावर उमटतो ना तसा पण मुगाच्या दाण्याएवढा. असे शेकडो. ओलं फडकं फिरवलं की दिसेनासे होतात, वाळलं की परत तिथेच. डाव्या दारावर मागच्या महिन्यातले आहेत, ते तर नखाला लागतात.

ऊन टाळता येत नाही हे धरून चालून काय करता येईल ते सांगा. आणि दारावरचे जुने निघतील का?

गोदाकाठचा_डिटेलर | रविवार, दुपारी ३:०५

चौदा वर्षं नाशिकला हेच काम करतोय, मे महिन्यात उघड्या अंगणातही गाड्या केल्यात, त्यामुळे बिनधास्त सांगतो की उन्हात गाडी धुता येते, डाग न पडता येते. तुमचं बाकी ठीक आहे, क्रम चुकला. तुम्ही गाडी एक समजून धुतलीत. उन्हात गाडी म्हणजे आठ-दहा वेगवेगळे पत्रे समजायचे. टप धुतला, टपावरचा साबण काढला, टप कोरडा केला, मगच बॉनेटला हात. बॉनेट पूर्ण कोरडं, मग डिकी, मग सावलीकडची दारं, मग उन्हाकडची, सगळ्यात शेवटी बंपर आणि दारांच्या खालच्या पट्ट्या कारण घाण तिथे जास्त. एका पत्र्याला पाणी लागल्यापासून कोरडा होईपर्यंत तीन मिनिटांच्या वर गेली तर तेवढा भाग पण मोठा होतोय असं समजा आणि अर्धा करा.

त्याच्या आधी पत्रा गार करायचा. हाताची मागची बाजू बॉनेटला लावून बघा, पाच सेकंद ठेववत नसेल तर साबणाला हात लावू नका. गडद रंगाचा पत्रा एप्रिल-मेच्या दुपारी सत्तर अंशांपर्यंत जातो, त्यावर शाम्पू टाकला की फेस तिथल्या तिथे वाळून त्याचेच ओघळ उमटतात, ते पाण्याच्या डागापेक्षा वाईट. नुसतं पाणी पाईपने हळू सोडत राहायचं, एकदा पूर्ण गाडीवरून, दोन मिनिटं थांबून परत एकदा. गाडी नुकती चालवून आणली असेल तर इंजिन गार होईपर्यंत बॉनेटच्या नादी लागूच नका, आणि चाकांच्या डिस्कवर तर गार पाणी अजिबात नको.

आणखी एक, ही गोष्ट कोणी सांगत नाही. शेवटचं पाणी मारताना पाईपचं तोंड बोटाने दाबून फवारा करू नका. नोझल असेल तर काढून टाका. पाईप पत्र्याच्या वरच्या कडेला जवळ धरून पाणी संथ सोडा, चादरीसारखं एकसंध खाली सरकू द्या. ते पाणी जाताना मागचे थेंब ओढून घेऊन जातं. फवाऱ्याने हजार थेंब मागे राहतात, असं सोडलं तर पंधरा-वीस. पुसायला उरतंच काय मग.

रसायनवाली | रविवार, दुपारी ४:२२

डिटेलरदादांचं वाचून छान वाटलं, तीच गोष्ट मी अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर शिकवते म्हणून मागची बाजू सांगते.

शाळेत आपण दुष्फेन पाणी म्हणून शिकलो तेच हे. दख्खनच्या बेसाल्टमधून झिरपून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं आणि उडायला लागलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळणारं बायकार्बोनेट न विरघळणारं कार्बोनेट होऊन बसतं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, नळाच्या तोटीवर जे कवच येतं, तेच तुमच्या बॉनेटवर. म्हणूनच ओल्या फडक्याने जात नाही, साध्या पाण्यात ते परत विरघळतच नाही. तुम्हाला ओलं असताना दिसत नाही इतकंच.

गोलाची कडच जास्त पांढरी का, तर थेंब कडेने पातळ असतो, तिथलं पाणी आधी उडतं, मग मधलं पाणी कडेकडे सरकत राहतं आणि क्षार घेऊन जातं.

आता हिशोब करा. तुमच्या पाण्याचा टीडीएस समजा ८०० आहे, म्हणजे एका लिटरमध्ये ८०० मिलिग्रॅम क्षार. धुऊन झाल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी राहिलं असं धरलं तरी २०० मिलिग्रॅम पांढरी पावडर तुम्ही गाडीवर ठिपक्याठिपक्यांनी वाळवत ठेवली. तेच पाणी टॉवेलने उचललंत तर ती पावडर टॉवेलमध्ये गेली. म्हणून पाणी कसलंही असो, ते गाडीवर स्वतःहून वाळता कामा नये, याच्यावर सगळं आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएस ५०० पर्यंत चालतो, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत, आणि कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, तसाच २०० व ६००. म्हणजे प्यायला चालणारं पाणी गाडीवर डाग पाडणार नाही असं मुळीच नाही.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, एकदा मोजून बघा.

काळी_सेडान | रविवार, संध्याकाळी ६:१०

आमच्याकडे कोथरूडला कॉर्पोरेशनचं, म्हणजे खडकवासल्याचं पाणी. त्याला डाग जवळजवळ पडत नाहीत आणि पडले तर नुसत्या फडक्याने जातात. गाडी तीच, साबण तोच, भावाकडे वाघोलीला धुतली की ठिपकेच ठिपके. सगळा पाण्याचाच फरक.

मला एक विचारायचं होतं, पाण्याचा थेंब भिंगासारखं काम करतो आणि ऊन एकवटून रंग जळतो असं आमच्या इथले एक जण सांगतात. खरं का?

गोदाकाठचा_डिटेलर | रविवार, संध्याकाळी ६:३४

नाही हो. पत्र्यावर चपटा बसलेला थेंब ऊन बरोबर त्या पत्र्यावरच एकवटेल असा त्याचा आकार नसतो. माझ्याकडे जितक्या गाड्या खड्डे पडलेल्या आल्या त्या सगळ्या क्षारांनी, नाहीतर पक्ष्यांच्या विष्ठेने. क्षार बसलेला भाग रोज तापतो, रोज गार होतो, दव पडलं की परत ओला होतो, असं महिनोन्महिने चाललं की वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, तो आत उतरतो. क्लिअर कोट असतो किती, ४०-५० मायक्रॉन, केसापेक्षा बारीक. म्हणून आज पडलेला डाग आजच काढावा, पुढच्या रविवारची वाट बघू नये.

आनंदी_पार्किंग | रविवार, रात्री ८:१५

मी आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ना ते बादलीत साठवते आणि त्यानेच गाडी धुते, पाणी पण वाचतं आणि आरओचंच असल्यामुळे स्वच्छ असतं. उंड्रीकर तुम्ही पण करून बघा.

रसायनवाली | रविवार, रात्री ८:४०

ताई, पाणी वाचवायची तुमची तळमळ मनापासून आवडली, पण हे पाणी गाडीला नका हो वापरू. मशीन तुमच्या प्यायच्या पाण्यातले क्षार काढून ते सगळे या दुसऱ्या नळीत सोडतं. म्हणजे मूळ पाण्यापेक्षा ते जास्त क्षारांचं. आमच्या घरी नळाचं ४२० आणि त्या नळीचं ६६० भरलं होतं. फरशी पुसा, संडासात ओता, पायऱ्या धुवा, तिथे ते अगदी योग्य. गाडीवर, काचेवर आणि स्टीलच्या नळांवर नको.

आनंदी_पार्किंग | रविवार, रात्री ९:०२

अरे देवा, म्हणजे दोन वर्षं मी मुद्दाम जास्त क्षार लावत होते. आरशांवर आणि काचांवर कायम पांढरट असायचं, मला वाटायचं धूळ आहे. बरं झालं विचारलं. उद्यापासून ते पाणी जिन्याला.

चादरवाला_सोलापूर | सोमवार, सकाळी ७:३०

आता आमच्या सोलापूरचं ऐका. मे महिन्यात ४२-४३ म्हणजे रोजचंच. आमच्याकडे बोअर आहे ते मीटरवर ११४० दाखवतंय. माझी युक्ती एसीचं पाणी. स्प्लिट एसीची नळी बाहेर जिथे ठिबकते तिथे वीस लिटरचा कॅन लावलाय, हवेतली वाफ गार कॉइलवर जमून येते त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतातच. मीटरवर १६ आलं. कॉइलवरची धूळ येते म्हणून जुन्या धोतराच्या कापडातून गाळून घेतो. आमच्या कोरड्या हवेत रात्रीचं तीन-चार लिटर कसंबसं जमतं, मुंबईवाल्यांना याच्या कितीतरी पट मिळेल, दमट हवा आहे तिथे.

पण चार लिटरमध्ये काय होणार असं नका म्हणू. धुणं सगळं बोअरच्या पाण्यानेच करतो, फक्त शेवटचं पाणी हे. झारीने, झाडांना घालायची झारी असते ना, तिने पत्र्याच्या वरच्या कडेने सोडतो. एका पत्र्याला अर्धा लिटर पुष्कळ झालं. बोअरचं पाणी त्याच्याबरोबर खाली जातं आणि मग एखादा थेंब राहिला तरी त्याचा डाग पडत नाही.

रसायनवाली ताईंचं वाचून आठवलं, मागे एकदा एक प्रयोग पण केला होता. भंगारात पडलेली काळी काच होती टीव्हीच्या टेबलाची, ती गच्चीवर ठेवली आणि तिच्यावर औषधाच्या ड्रॉपरने तीन थेंब सोडले, बोअरचा, आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा आणि एसीचा. बारा वाजता ठेवले. पाच-सहा मिनिटांत तिन्ही उडाले. बोअरच्या थेंबाची पक्की बांगडी उठली. आरओच्या वायावाल्याची बांगडी त्याच्याहून जाड आणि आत पण पांढरी साय आल्यासारखी, बोट फिरवलं तर खरखरीत. एसीच्या थेंबाची जागा शोधायला मला काच तिरकी करून बघावी लागली, अगदी पुसट काहीतरी होतं, तळहाताने गेलं. पोरं पण बघत बसली होती. फोटो संध्याकाळी टाकतो.

रसायनवाली | सोमवार, सकाळी ८:०५

हा प्रयोग मी वर्गात करून घेणार! इतका सोपा आणि मुलांना समोर दिसणारा. धन्यवाद दादा.

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ११:५०

लातूरहून लिहितोय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्या गावाला पाणी आलं तेव्हा मी रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. तेव्हापासून पाईप लावून गाडी धुणं माझ्याच्याने होत नाही, पाणी असलं तरी हात पुढे जात नाही. त्यामुळे वरचं सगळं बरोबर असलं तरी मला वाटतं की पाणी कमी वापरणं हाच डागावरचा पण उपाय आहे. गाडीवर पाणीच कमी पडलं तर वाळणार काय.

मी एक बादली पण पूर्ण घेत नाही. आधी मऊ ब्रशने धूळ झटकतो, हात न दाबता, आणि मग मायक्रोफायबर पिळून घेऊन एक एक पत्रा पुसतो, लगेच दुसऱ्या कोरड्याने. उन्हात सुद्धा डाग नाही.

बंगळुरातला_सातारकर | सोमवार, दुपारी १२:४०

मांजराकाठ, तुमच्या भावनेशी पूर्ण सहमत पण कोरडी धूळ झटकण्याने बारीक ओरखडे येतात हो, गडद रंगावर उन्हात बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल दिसतील. त्यासाठी रिन्सलेस वॉश मिळतो तो वापरा. इथे बंगळुरात मार्च २०२४ मध्ये पाण्याची एवढी टंचाई झाली की पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार दंड असा जलमंडळाने आदेशच काढला, तेव्हापासून मी तेच वापरतोय. ओएनआर (ऑप्टिमम नो रिन्स) म्हणून आहे, चार लिटर पाण्यात पंधरा मिली म्हणजे तीन चमचे. बादलीत सात-आठ छोटे टॉवेल भिजत घालायचे. आधी त्याच पाण्याचा स्प्रे पत्र्यावर मारायचा, मिनिटभर धूळ फुगू द्यायची, मग टॉवेलची एक घडी एकदाच एका दिशेने फिरवायची, घडी बदलायची. वापरलेला टॉवेल परत बादलीत बुडवायचा नाही. लगेच कोरडं पुसायचं. साबण काढायला पाणी मारायचंच नसतं, त्यातली पॉलिमरं घाणीला वेढून धरतात आणि पत्रा बुळबुळीत ठेवतात. पूर्ण गाडी चार-पाच लिटरमध्ये. उन्हात तर मला हीच पद्धत सगळ्यात सोपी वाटते कारण एका वेळी एकच पत्रा ओला असतो.

चिखल असेल तर मात्र नको. पावसाळ्यात गावाहून आलेली गाडी आधी पाण्याने मोकळी करावीच लागते.

मांजराकाठ | सोमवार, दुपारी १:२०

ओरखड्यांचं बरोबर आहे, माझ्या टपावर आहेत तसे. पांढरी गाडी म्हणून लक्षात येत नव्हतं. मागवतो एक बाटली.

सानिकाची_आई | सोमवार, दुपारी ४:००

एक वेगळा मुद्दा. आमच्याकडे गाडी पुसायला रोज एक दादा येतात, सकाळी पाचपासून चाळीस गाड्या करतात, एक बादली आणि एक फडकं. बरेच जण त्यांच्यावर चिडतात की गाडी खराब केली. मी एकदा शांतपणे बोलले, ते म्हणाले ताई सोसायटी नळ एकच देते, पाणी बदलायला खाली-वर करायचं तर दहा गाड्या कमी होतात. मग आम्ही आमच्या मजल्यावरच्या सहा घरांनी मिळून त्यांना बारा टॉवेल आणून दिले, प्रत्येक गाडीचे दोन, नाव घालून, आठवड्याने आम्हीच धुऊन देतो. आणि सांगितलं की रोज ओलं पुसू नका, एक दिवसाआड करा, पैसे तेवढेच. ठिपके पण कमी झाले आणि त्यांचेही कष्ट कमी झाले. रोज थोडं थोडं क्षाराचं पाणी लावून वाळवण्यापेक्षा हे बरं.

गोदाकाठचा_डिटेलर | सोमवार, संध्याकाळी ५:१५

ताई, हे फार चांगलं केलंत. माझ्याकडची पोरं पण तिथूनच शिकून आली आहेत.

टॉवेलवरून आठवलं, ते धुताना कपड्यांचं कंडिशनर घालू नका, धागे माखतात आणि पाणी ओढायचे थांबतात, मग तुम्ही कितीही घासा, पाणी पसरतंच. साधा पातळ साबण, वेगळे धुवायचे, सावलीत वाळवायचे. आणि पुसायला मोठा जाड टॉवेल घ्या, हजार-बाराशे जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन), पीळ असलेल्या धाग्यांचा. तो घासायचा नसतो. पत्र्यावर पसरायचा आणि दोन टोकं धरून अंगाकडे ओढायचा. एका ओढीत बॉनेट कोरडं. उन्हात जे पाच-सात मिनिटं वाचवायची असतात ती इथे वाचतात.

घोडबंदर_रोड | सोमवार, रात्री १०:३०

मी तर गेल्या वर्षी बावीस हजार घालून सिरॅमिक कोटिंग करून घेतलं, सांगितलं होतं की आता पाण्याचे डाग पडणारच नाहीत. पडतात! उलट आता जास्त ठळक दिसतात, एकदम गोल गोल. फसवलं का मला?

गोदाकाठचा_डिटेलर | मंगळवार, सकाळी ९:१०

कोटिंग खोटं असेल असं नाही, तुम्हाला सांगितलं ते चुकीचं. कोटिंगवर पाणी पसरत नाही, टपोरे मणी होतात. मणी पावसात छान, गाडी चालवली की उडून जातात. पण उन्हात उभ्या गाडीवर मणी वाळला की त्यातले सगळे क्षार एवढ्याशा जागेत बसतात. म्हणून कोटिंगवाल्यांनी तर पाणी उचलण्यात जास्त तत्पर राहायला पाहिजे. फायदा एवढा की डाग रंगात न जाता आधी कोटिंगवर बसतो, वेळेवर काढला तर निघतो.

जांभ्याची_विहीर | मंगळवार, सकाळी ११:००

आमच्या रत्नागिरीकडे जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ, साबणाला फेसच फेस, हे पांढरे डाग आम्हाला माहीत नाहीत. आमचा त्रास वेगळा, खाऱ्या वाऱ्याने काचेवर चिकट थर बसतो आणि लाल माती. पण तो पाण्याने जातो. तुमचं वाचून विहिरीची किंमत कळली.

शंभरनंबरी | मंगळवार, दुपारी २:१५

आमच्या सोसायटीने तळमजल्यावर सॉफ्टनर प्लांट बसवलाय, पाणी मऊ झालंय, केस पण चांगले झालेत सगळ्यांचे. तरी गाडीवर ठिपके दिसतातच आणि टीडीएस आधी होता तेवढाच येतो. प्लांट चालत नाही का?

रसायनवाली | मंगळवार, दुपारी ३:०५

चालतोय. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम देतो, क्षार कमी करत नाही, अदलाबदल करतो. म्हणून मीटर तेवढंच दाखवतो. ठिपके पडतील, पण सोडियमचे क्षार पाण्यात सहज विरघळतात, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानेही जातील. नखाला लागणारे डाग तुम्हाला होणार नाहीत.

सगुआरोच्या_सावलीत | मंगळवार, रात्री ९:४०

अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला असतो, उन्हाळ्यात ४३-४५ नेहमीचं आणि नळाचं पाणी चांगलंच जड. इथे नाणं टाकून आपण आपली गाडी धुवायची सेंटर्स असतात, तिथे शेवटचं बटण स्पॉट फ्री रिन्सचं असतं, म्हणजे आरओने शुद्ध केलेलं पाणी. चादरवाला सोलापूर यांनी एसीच्या पाण्यावर जे केलं ते हेच, फक्त त्यांनी ते फुकटात केलं. घरी धुणारे लोक पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनची टाकी नळाला जोडतात, तिच्यातून शून्याच्या आसपास टीडीएसचं पाणी येतं, पण रेझिन संपतं आणि जड पाण्यात लवकर संपतं. मीही ती फक्त शेवटच्या पाण्यासाठीच उघडतो.

आणि सोसायटीतल्या हिरवळीच्या फवाऱ्यांकडे लक्ष ठेवा, माझ्या गाडीचे सगळ्यात वाईट डाग धुण्याचे नव्हतेच, पहाटे सुरू होणाऱ्या तुषारांचे होते. पुण्यात तर बागेला एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून आलेलं पाणी देतात ना.

उंड्रीकर | मंगळवार, रात्री १०:२०

तुषार! माझं डावं दार बागेकडे आहे. आणि जुने डाग फक्त डाव्या दारावर आणि डाव्या मागच्या काचेवर आहेत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सेक्रेटरींना भेटतो, तो एक तुषार फिरवून घ्यायला सांगतो.

तेवढं दारावरच्या डागांचं सांगा ना कुणीतरी. इथले एक जण म्हणाले की बाथरूमचं अ‍ॅसिड पाणी घालून लाव, मिनिटात जातं.

गोदाकाठचा_डिटेलर | मंगळवार, रात्री १०:४१

अजिबात नको!! फरशीचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. डाग जाईल आणि त्याच्याबरोबर दाराची क्रोमपट्टी, रबर, सगळ्याची वाट लागेल. एका सेंटरमध्ये असं केलेली गाडी माझ्याकडे आली होती, खिडक्यांच्या चांदीच्या पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या, त्या बदलाव्याच लागल्या, पॉलिशने सुद्धा आल्या नाहीत.

किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर घ्या, तेवढंच आरओचं प्यायचं पाणी मिसळा. संध्याकाळी, पत्रा गार असताना, दार आधी धुऊन घ्या. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं मायक्रोफायबर डागांवर नुसतं दाबून ठेवा, एक-दोन मिनिटं, वाळू द्यायचं नाही. कार्बोनेट असेल तर ते विरघळतं. चोळू नका. मग भरपूर पाणी, मग शाम्पू, मग परत पाणी, कोरडं, आणि तिथे वॅक्स परत लावा कारण व्हिनेगरने ते गेलेलं असतं. दोनदा करून नखाला लागायचं थांबलं पण तिरकं बघितल्यावर गोल दिसतोच, तर तो क्लिअर कोटमध्ये उतरलाय, त्याला मशीन पॉलिशच. काचेला व्हिनेगरने नाही गेलं तर सेरियम ऑक्साइडची पॉलिश पावडर मिळते, काचेचीच असते ती, पत्र्याला लावायची नाही.

उंड्रीकर | रविवार, दुपारी १२:५०

आठवड्याने लिहितोय, सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

मीटर आणला. टँकर ८७०, बोअर ९२०, माझ्या एसीचं २१. आमच्याकडे रात्री एसी चालतो, चार दिवसांत साडेसात लिटर जमलं. तुषार सेक्रेटरींनी लगेच फिरवून घेतला, दोन गाड्यांची आणखी तक्रार होतीच म्हणे.

बुधवारी संध्याकाळी दाराला व्हिनेगर केलं. फडकं उचललं तेव्हा डागांच्या जागी अगदी बारीक बुडबुडे दिसले, ते बघून मुलाला बोलावलं. पहिल्या वेळी अर्धे गेले, दुसऱ्या वेळी बोटाला गुळगुळीत लागायला लागलं. हँडलच्या खाली सात-आठ गोल अजून दिसतात, टॉर्च तिरका धरला तर. ते उतरलेत आत, मान्य.

आज साडेदहाला ऊन डोक्यावर असतानाच धुतली. आधी दोनदा नुसतं पाणी सोडलं. पहिल्या पाण्याने बॉनेटवरून वाफ आल्यासारखी गरम हवा लागली तोंडाला, दुसऱ्याच्या नंतर हात ठेवता आला. मग टप, अर्धा अर्धा करून. नोझल काढलं आणि पाईप कडेला धरला तर खरंच पाणी कापड ओढल्यासारखं खाली गेलं, मागे कोरडं कोरडं दिसत होतं, मी दोन वेळा परत करून बघितलं. मग झारीने एसीचं पाणी, मग टॉवेल पसरून ओढला. एका पत्र्याला अडीच-तीन मिनिटं. बायको टॉवेल घेऊन तयार उभी होती, दोघं असलं की फार सोपं जातं हे पण लिहून ठेवतो. पूर्ण गाडीला पन्नास मिनिटं, आधी पस्तीस लागायची.

डाग पडले दोन ठिकाणी. आरशांच्या खाली आणि मागच्या नंबरप्लेटच्या वर. सगळं पुसून झाल्यावर तिथून पाणी ओघळत येतं आणि तोपर्यंत आपण टॉवेल ठेवून दिलेला असतो. त्याला काय करता?

गोदाकाठचा_डिटेलर | रविवार, दुपारी १:३०

वा, मस्त केलंत. आरशांचं सगळ्यांचं होतं. आरसा एकदा आत दुमडायचा, बाहेर काढायचा, आत साठलेलं पाणी पडतं. फुगे फुगवायचा हातपंप असेल तर त्याने आरशाच्या फटीत, हँडलमध्ये, टेललँपच्या कडेला आणि नंबरप्लेटच्या मागे चार-चार वेळा हवा मारायची, आमच्याकडे ब्लोअर आहे पण घरी पंपाने होतं. डिकी आणि चारही दारं एकदा उघडून कडा पुसायच्या. आणि मग टॉवेल लगेच वाळत घालायला न्यायचा नाही, दहा मिनिटं गाडीपाशीच थांबायचं, ओघळ आला की टिपायचा.

हँडलखालचे सात-आठ गोल नाशिकला आलात की दाखवा, तेवढ्यासाठी पूर्ण गाडीला पॉलिश करू नका. क्लिअर कोट एकदाच मिळतो.

उंड्रीकर | रविवार, दुपारी १:४८

फुग्यांचा पंप घरात आहे, मुलाच्या वाढदिवसाचा. दिवाळीत वणीला जाणार आहोत, येताना नक्की येतो. आत्ता खाली जाऊन आरशांखालचे दोन ओघळ व्हिनेगरने टिपून येतो, आजचे आजच. ऊन आहे म्हणून आधी पत्रा गार करून घेईन.